बांधाआतली तिवरं, यादीतला गट क्रमांक आणि घरातले तीन सल्ले

पत्राचा सारांश: रायगड जिल्ह्यातल्या खारेपाटातून, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या खाडीकाठच्या शेतीच्या पट्ट्यातून, एका शिक्षिकेनं लिहिलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वडिलोपार्जित जमीन २ एकर १४ गुंठे, पूर्वी सगळी भाताची. आठ वर्षांपूर्वी एका उधाणात, म्हणजे मोठ्या भरतीत, बाहेरकाठ्याला (समुद्राकडच्या बांधाला) खांड गेली, बांध फुटला. ती बांधायची कोणी, यावर गावात नुसत्या चर्चा झाल्या आणि खांड तशीच राहिली. आज त्यातल्या ४५ गुंठ्यांवर तिवरं, म्हणजे कांदळवनातली झाडं, माणसाच्या डोक्यावर गेली आहेत, ३० गुंठे खारं होऊन पड आहे आणि गावालगतच्या वरच्या १९ गुंठ्यांतच भात पिकतो. मागच्या महिन्यात तहसील कार्यालयाची माणसं मोबाइलवर नकाशा बघत खाजणात, म्हणजे भरतीचं पाणी शिरणाऱ्या जमिनीत, फिरली. पाठोपाठ ग्रामपंचायतीच्या फलकावर 'पाणथळ / कांदळवन पडताळणी' अशा मथळ्याखाली गट क्रमांकांची यादी लागली. तिच्यात यांचा गट आहे. चुलतभाऊ म्हणतो, नकाशा पक्का व्हायच्या आत तिवरं साफ करू. मुंबईचे दोघे भाऊ म्हणतात, एजंट देतोय तेवढ्यात विकून मोकळे होऊ, नाहीतरी सरकार घेणारच आहे. गावात छापील हरकतींवर सह्या गोळा होताहेत. 'वर्गात कांदळवनाचा धडा शिकवते आणि घरी तीच तिवरं तोडायची भाषा ऐकते. हरकत घेतली तर निसर्गाच्या विरोधात गेल्यासारखं वाटेल, नाही घेतली तर बापाच्या जमिनीवर पाणी सोडल्यासारखं. मी काय करू?'

ताई,

हरकत घ्यायची की नाही, एवढा एकच प्रश्न तुम्ही विचारलाय. पण तुमची जमीन आता एकसारखी राहिलेली नाही. ४५ गुंठे कांदळवन, ३० गुंठे पड, १९ गुंठे भात असे तिचे तीन तुकडे झालेत, तिघांना लागणारे नियम निराळे आहेत आणि तिघांचं पुढे होणारंही निराळं आहे. गट क्रमांक एकच म्हणून यादीत ते एका ओळीत आले. तुमचं नुकसान झालंच तर त्या एका ओळीमुळे होईल. तेव्हा आधी ती ओळ सोडवू.

मथळ्यात 'पाणथळ' आणि 'कांदळवन' यांच्यामध्ये जी तिरकी रेघ आहे, तिच्या दोन बाजूंना दोन वेगळे कायदे आहेत.

पहिला पाणथळ जागांचा. केंद्राचे पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम २६ सप्टेंबर २०१७ ला आले. त्यांतली व्याख्या बरीच ऐसपैस आहे: नैसर्गिक असो वा मानवनिर्मित, कायमची असो वा हंगामी, पाणी गोडं असो की खारं. पण त्याच व्याख्येत काही गोष्टी स्पष्ट शब्दांत वगळल्या आहेत. नदीचं पात्र, भातशेती, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय, सिंचन, मीठ उत्पादन आणि मत्स्यशेतीसाठी केलेली बांधकामं यांत येत नाहीत. तुमचे १९ गुंठे भातशेती म्हणून सरळ बाहेर पडतात. शिवाय जे क्षेत्र वनकायद्यांत किंवा किनारा नियमन क्षेत्रात, म्हणजे सीआरझेडमध्ये मोडतं, त्याला हे नियम लागूच होत नाहीत. म्हणून तिवरांचे ४५ गुंठेही 'पाणथळ' या शब्दाखाली येत नाहीत. त्यांचा कायदा दुसरा आहे.

तो दुसरा म्हणजे सीआरझेडची १८ जानेवारी २०१९ ची अधिसूचना. तिच्यातली एक तरतूद खारेपाटातल्या प्रत्येक घरानं कागदावर लिहून भिंतीला लावावी, इतकी कामाची आहे. १९ फेब्रुवारी १९९१ च्या आधीपासून बांध किंवा उघाडी (बांधातलं पाणी सोडायचं झडपेचं दार) असेल, तर भरतीरेषा (भरतीचं पाणी पोचतं ती रेघ) त्या बांधापर्यंत किंवा उघाडीपर्यंतच धरायची. मात्र खारं पाणी बांधाच्या आत शिरून तिथे कांदळवन वाढलं असेल, तर ते कितीही थोडं असलं तरी सीआरझेड-१अ, म्हणजे सगळ्यांत कडक संरक्षणाच्या वर्गात जातं आणि दुसऱ्या कोणत्याही वापरासाठी वळवता येत नाही.

यातून तुमच्यासाठी काय निघतं ते बघा. बांध १९९१ च्या आधीचा आहे हे सिद्ध झालं, तर भरतीचं पाणी आज तुमच्या १९ गुंठ्यांच्या कडेपर्यंत पोचत असलं तरी भरतीरेषा तिथे सरकत नाही, ती जुन्या बांधावरच राहते. आणि तिवरांचे ४५ गुंठे कुठल्याही युक्तिवादानं सुटणार नाहीत. हे दुसरं वाक्य भावांना आणि चुलतभावाला आधी सांगा. ते एकदा मनानं स्वीकारलं की उरलेल्या ४९ गुंठ्यांसाठी नीट भांडता येईल.

आता 'सरकार जमीन घेणार' या समजाकडे येऊ. सीआरझेडचा वर्ग लागला किंवा पाणथळ म्हणून अधिसूचना निघाली, तरी सातबाऱ्यावरचं नाव बदलत नाही. त्याला भूसंपादन म्हणत नाहीत. भूसंपादनाची प्रक्रिया वेगळी असते, तिच्या नोटिसा वेगळ्या असतात आणि तिच्यात मोबदला असतो. इथे मालकी तुमचीच राहते, वापरावर मर्यादा येते. हे ऐकून तुम्हाला फार दिलासा वाटणार नाही, कारण न वापरता येणाऱ्या जमिनीची मालकी ही पोकळच. तुमचा तो राग रास्त आहे. खासगी जमिनीवर कांदळवन आलं म्हणून मालकाला दरवर्षी काही रक्कम मिळावी, अशी तरतूद या दोन्ही नियमांत नाही, आणि ती असायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे. पण 'घेणार' या भीतीपोटी आज कवडीमोलानं विकायला निघालेला माणूस चुकीच्या माहितीवर निर्णय घेतोय.

ही पडताळणी आत्ताच का निघाली, हेही तुमच्या मनात आलं असेल. सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या पाणथळ जागांची जागेवर जाऊन पडताळणी आणि सीमांकन तीन महिन्यांत पुरं करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं ११ डिसेंबर २०२४ ला सगळ्या राज्यांना दिला. उपग्रहावरून केलेल्या ताज्या नोंदीत देशभरात अशा २,३१,१९५ जागा निघाल्या आहेत. आकडा बघितलात की लक्षात येईल, जागेवर येणाऱ्या कर्मचाऱ्याकडे एकेका गटासाठी किती वेळ असणार. आणि त्यांच्या हातातला नकाशा काय मापाचा होता, हेही महत्त्वाचं. २०११ चा राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रह १:५०,००० या प्रमाणावर आहे, म्हणजे कागदावरची एक मिलिमीटरची रेघ जमिनीवर ५० मीटर रुंद. त्यात सव्वादोन हेक्टर म्हणजे सुमारे साडेपाच एकर. तुमची सगळी जमीन एक हेक्टरही भरत नाही. असा नकाशा तुमच्या शेतातल्या तिवर आणि भात यांच्यातली सीमा दाखवूच शकत नाही. सीआरझेडचा स्थानिक नकाशा मात्र १:४,००० च्या आसपास, गावनकाशावर बसवलेला असतो. तिथे एक मिलिमीटर म्हणजे चार मीटर. हरकतीत बोट ठेवायचं ते या फरकावर.

तिवरं तोडायच्या बेताबद्दल थोडं कडक बोलावं लागेल. खारं पाणी आत आल्यापासून त्या शेतावर काय वाढलं, ते दरवर्षीच्या उपग्रहचित्रांत साठवलेलं आहे. गूगल अर्थवर जुन्या तारखा निवडल्या की कोणालाही घरबसल्या दिसतं. आज तोडलेलं तिवर कालच्या चित्रात उभंच राहणार. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या अंतरिम आदेशानं आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालानं राज्यभर कांदळवन तोडायला बंदी आहे, जमीन कोणाचीही असो, आणि कांदळवनाभोवती चारी बाजूंना ५० मीटरांत बांधकामालाही बंदी आहे. पर्यावरण संरक्षण कायद्याखालचा दंड २०२४ पासून १० हजार ते १५ लाख रुपये आहे, शिवाय वनकायद्याची कारवाई वेगळी. सातबाऱ्यावर तुमचं नाव लागणार असेल, तर कोयता चुलतभावाचा असला तरी नोटीस तुमच्या पत्त्यावर येईल. आणि एकदा गुन्हा नोंदला गेला की उरलेल्या ४९ गुंठ्यांच्या अर्जांकडेही कोणी सरळ नजरेनं बघत नाही.

तोडण्याचा आणखी एक प्रकार आहे, तो फसवा म्हणून सांगतो. 'झाडाला हात लावत नाही, फक्त बाहेरची खांड बुजवतो.' खांड बुजली की भरतीचं पाणी थांबतं आणि आतली तिवरं उभ्या उभ्या वाळतात. कायद्याच्या नजरेत हेही कांदळवन नष्ट करणंच. म्हणजे आठ वर्षांपूर्वी जे काम मजुरांच्या एका टोळीनं आठवड्याभरात झालं असतं, ते आज त्या जागी परवानगीशिवाय करताच येत नाही. खांड गेली की दिवसातून दोनदा पाणी आतबाहेर करतं, दर उधाणात ती खोल आणि रुंद होते, आणि दोन-तीन पावसाळ्यांत तिवराचं वाहून आलेलं बी रुजून झाड कमरेपर्यंत येतं. ज्या वाचकांच्या बांधाला यंदा पहिल्यांदा खांड गेली असेल, त्यांनी लगेच, त्याच महिन्यात, तहसीलदारांकडे पंचनाम्याचा आणि खारभूमी विभागाकडे दुरुस्तीचा लेखी अर्ज करावा. पोच घेतल्याशिवाय कार्यालयाची पायरी उतरू नये.

विक्रीबद्दल. हा एजंट तुम्हाला सांगतोय की जमीन पाणथळात जाणार, तिला किंमत उरणार नाही. मग तो ती का घेतोय? खारेपाटातून रस्त्यांचे आणि इतर प्रकल्पांचे आराखडे जाताहेत, आणि उद्या एखाद्यासाठी खरंच भूसंपादन झालं तर मोबदला ज्याचं नाव सातबाऱ्यावर त्याला मिळतो. त्याच्या मनात काय आहे ते मला ठाऊक नाही, पण ही शक्यता धरूनच भावांनी विचार करावा. इसारपावतीवर किंवा कुलमुखत्यारपत्रावर आत्ता कोणीही सही करू नये. कुळकायद्यानं शेतजमीन घेणारा शेतकरी असावा लागतो. तुमच्याकडच्या बऱ्याच जमिनी तर कुळांना मिळालेल्या. चरीच्या शेतकरी संपात, १९३३ ते १९३९, त्या हक्कासाठी तुमच्या भागातल्या माणसांनी सहा वर्षं शेतं ओस ठेवली. सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात 'कलम ४३' असा शेरा आहे का ते बघा, असेल तर विक्रीआधी तहसील कार्यालयात काय लागतं ते लेखी विचारा.

आता कामाला लागू. पत्रात एक गोष्ट तुम्ही ओझरती लिहिलीत, पण सगळ्यांत आधी तीच करायला हवी: वडील जाऊन तीन वर्षं झाली आणि सातबाऱ्यावर अजून त्यांचंच नाव आहे. नोटीस निघाली तर ती गेलेल्या माणसाच्या नावानं निघेल आणि तुमची हरकत 'अर्जदाराचा संबंध काय' म्हणून बाजूला पडेल. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सगळ्यांचे आधार आणि पत्ते घेऊन तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, वारस नोंदीचा अर्ज द्या. आई आणि तुमचे भाऊ यांच्यासोबत तुमचं नाव यायलाच हवं, तुम्ही सासरी राहत असलात तरी. सातबाऱ्यावर आजोबांच्या वेळचीच नावं असतील, तर आत्यांचा हिस्साही तपासून घ्या.

दुसरं, मोजणी. तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा आणि अर्जातच लिहा की हद्दीबरोबर कांदळवनाची आतली कड, पड क्षेत्र, भातक्षेत्र आणि जुन्या बांधाची रेघ दाखवून मिळावी. रोव्हरनं, म्हणजे उपग्रहाच्या मदतीनं अचूक मोजणाऱ्या यंत्रानं, मोजणी मागा. साध्या मोबाइलचं स्थान तीन ते दहा मीटर इकडेतिकडे होऊ शकतं, आणि शंभर मीटर लांब कडेवर दहा मीटरांची चूक म्हणजे दहा गुंठे. मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा, शेजारच्या खातेदारांनाही बोलवा. हाती येणारी 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हा पुढच्या सगळ्या अर्जांचा पाया.

तिसरं, बांध १९९१ च्या आधीचा आहे याचा पुरावा. गावनकाशाची जुनी प्रत, गटाचं टिपण आणि फाळणी (जुन्या मोजणीचे कागद), १९९१ पूर्वीच्या सातबाऱ्यांवरची पीकपाहणी. जिथे सलग वीस वर्षं भात लागलाय तिथे बांध होताच, हे कोणालाही मान्य करावं लागतं. तुमचा बांध सरकारी खारभूमी योजनेतला असेल, तर पेणच्या खारभूमी विकास विभागात योजनेचं नाव, ती पुरी झाल्याचं वर्ष आणि लाभक्षेत्रातल्या गटांची यादी मिळेल. सहज मिळाली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. हाच अर्ज एका गोष्टीचा निकाल लावेल: बांध योजनेतला असेल तर दुरुस्तीची जबाबदारी विभागाची, आणि गावकीचा खासगी बांध असेल तर ती खातेदारांची. आठ वर्षं गावात जो वाद चाललाय, त्याचं उत्तर या एका कागदात आहे.

ई-पीक पाहणीबद्दल एक सावधगिरी. १९ गुंठ्यांतल्या भाताची नोंद दर खरिपात स्वतः, छायाचित्रासह करा. 'भातशेती' म्हणून वगळलं जाण्याचा तोच जिवंत पुरावा आहे. पण पड जमिनीवर किंवा तिवरांवर भाताची खोटी नोंद करू नका. छायाचित्राला जागेची खूण चिकटलेली असते, आणि एक नोंद खोटी निघाली की खरीवरही विश्वास राहत नाही.

चौथं, हरकत. ती घ्याच, पण गावातला छापील कागद वापरू नका. 'आमचा विरोध आहे' एवढंच लिहिलेल्या पाचशे हरकतींना एकच ओळीचं उत्तर पुरतं. प्रत्येक घराच्या स्वतंत्र, नकाशा जोडलेल्या हरकतीला स्वतंत्र उत्तर द्यावं लागतं. मजकूर साधारण असा ठेवा: 'गट क्रमांक अमुक, एकूण क्षेत्र ९५ आर. यांपैकी जोडलेल्या मोजणी नकाशात हिरव्या रेघेच्या समुद्राकडील सुमारे ४५ गुंठ्यांवर कांदळवन आहे, हे आम्हाला मान्य आहे. गावाकडील १९ गुंठे सलग भातशेतीखाली असून २०१७ च्या नियमांतील व्याख्येनुसार पाणथळ क्षेत्रात मोडत नाहीत. मधील ३० गुंठे पूर्वापार भातशेतीचे असून बाहेरचा बांध फुटल्यानं पड आहेत, त्यांवर कांदळवन नाही. बांध १९९१ पूर्वीचा असल्याचे पुरावे जोडले आहेत. भरतीरेषा बांधावर दाखवावी, गटाची सरसकट नोंद करू नये आणि सीमेचे अक्षांश-रेखांश आम्हाला द्यावेत.' ९५ आर म्हणजे तुमचे ९४ गुंठेच. सरकारी कागद आर आणि हेक्टरमध्ये बोलतो, तेव्हा त्याच मापात लिहा. हरकतीची मुदत मसुद्यावर छापलेली असते. फलकावरची नुसती यादी हा मसुदा असेलच असं नाही, तेव्हा तो काय कागद आहे आणि कोणत्या नियमाखाली लागला, हे ग्रामसेवकांना, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, लेखी विचारा.

तुमच्या मनातली टोचणी इथे थोडी हलकी व्हावी. या हरकतीत पहिलंच वाक्य कांदळवन मान्य करणारं आहे. धडा शिकवणाऱ्या बाईंनी लाजावं असं तिच्यात काही नाही. जिथे तिवर आहे तिथे तिवर, जिथे भात आहे तिथे भात, असा खरा नकाशा झाला तर कांदळवनाचंही रक्षण नीट होतं, कारण चुकीच्या रेघेमुळे दुखावलेला शेतकरीच पुढे कोयता उचलतो.

सातबाऱ्याच्या इतर हक्कांत 'कांदळवन' असा सरसकट शेरा लागलाच, तर तो फेरफारानं लागतो. त्या फेरफाराविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्यांकडे साठ दिवसांत अपील करता येतं. म्हणून दर महिन्याला सातबारा ऑनलाइन उघडून बघायची सवय ठेवा.

खरी घाई आहे ती मधल्या ३० गुंठ्यांची. तिथे आज तिवर नाही, पण खारं पाणी येतंय, आणि पाण्याबरोबर बी येतंय. तिथे कांदळवन उभं राहिलं की तेही सीआरझेड-१अ. उगवलेली रोपं उपटणं हा मार्ग नव्हे, तेही तोडणंच. मार्ग आहे तो तिवरांच्या मागे, गावाच्या बाजूला, नवा आतकाठा, म्हणजे आतला बांध, घालण्याचा. बाहेरची खांड तशीच राहते, ४५ गुंठ्यांतल्या तिवरांना भरती मिळत राहते आणि त्यांच्या मागचा बांध लाटांपासून वाचतो. पुढे तिवरांचा पट्टा असलेला बांध उघड्या बांधापेक्षा कमी झिजतो, हे तुमच्याकडच्या जुन्या माणसांना सांगावं लागत नाही.

याला परवानगी लागेल. कांदळवन एक हजार चौरस मीटरांच्या वर असलं की त्याभोवतीचा ५० मीटरांचा पट्टाही सीआरझेड-१अ मध्ये धरला जाऊ शकतो (खासगी जमिनीवरच्या कांदळवनाला तो लागतो का, हे लेखी विचारून घ्या), आणि तुमचं कांदळवन साडेचार हजारांच्या वर आहे. खारं पाणी रोखायच्या बांधांना अधिसूचनेत जागा आहे, पण ती भरती-ओहोटीच्या मधल्या, सीआरझेड-१ब पट्ट्यासाठी. तुमच्या पट्ट्यात कितपत चालेल ते महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण ठरवेल, आणि ५० मीटरांच्या बंदीमुळे उच्च न्यायालयाची परवानगीही घ्यावी लागू शकते. म्हणून प्रस्ताव एकट्यानं पाठवू नका. एका शेताभोवतीचा बांध शेजारच्या शेतातून फुटतोच. खांडीच्या मागे जेवढे खातेदार आहेत त्या सगळ्यांनी मिळून, ग्रामसभेच्या ठरावासह, खारभूमी विभागामार्फत एकच प्रस्ताव द्यावा. परवानगीचा कागद हातात येईपर्यंत जेसीबी खाजणात उतरवू नका, 'नुसती माती टाकतोय' असं म्हणूनसुद्धा.

पुढे बांधायची वेळ आलीच तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. काम दिवाळीनंतर सुरू करून मेअखेर संपवायचं. पाणी बंद करायचा शेवटचा टप्पा भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या दिवसांत, अष्टमीच्या आसपास घ्यायचा, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात कधीच नाही. माती चिकण हवी, वीत-वीतभराचा थर टाकून ठोकून घ्यायची, कारण एकदम ओतलेली माती पहिल्या पावसात बसते आणि तिथूनच पाणी उलटतं. माती बांधाच्या पायथ्याशी खणायची नाही. तिथे चर पडला की पाणी पायथ्यातून झिरपतं आणि बांध खालून सरकतो. बहुतेक फुटलेल्या बांधांच्या शेजारी असा जुना चर सापडतो. चिंबोऱ्यांची (खेकड्यांची) बिळं दर महिन्याला बघून चिकणमातीनं ठासायची. उघाडीची झडप ओहोटीला उघडते आणि भरतीच्या दाबानं बंद होते. तिच्यात ओंडका किंवा प्लास्टिक अडकलं की एका रात्रीत शेत खारं होतं, म्हणून प्रत्येक उधाणाआधी कोणीतरी नेमून झडप तपासायची.

पाणी थांबलं तरी भात पहिल्याच वर्षी येईल असं धरू नका. एप्रिल-मेमध्ये पाच-सहा जागांवरून वरच्या वीतभर मातीचे नमुने घेऊन क्षारता तपासा. मातीच्या संपृक्त अर्काची क्षारता ३ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की साध्या भाताचं उत्पन्न घटू लागतं. पहिल्या पावसाचं पाणी शेतात तुंबवून ओहोटीला उघाडीतून सोडायचं, असं दोन-तीनदा करून मीठ धुऊन काढायचं, मगच लावणी. बियाणं पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राच्या पनवेल-१, २, ३ या क्षार सोसणाऱ्या जातींचं. रोप महिन्याभराचं झालेलं आणि चुडात तीन-चार काड्या. कापणी झाली की लगेच उथळ नांगरट करायची, नाहीतर उन्हाळ्यात खालचं मीठ पुन्हा वर चढतं.

४५ गुंठ्यांमधून काही मिळेल का? थोडं मिळू शकतं. राज्याच्या कांदळवन कक्षाची २०१७ पासून कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना आहे. तिच्यात गावात कांदळवन सहव्यवस्थापन समिती होते आणि चिंबोरीपालन, पिंजऱ्यातलं जिताडापालन, कालवं अशा कामांना गटासाठी ९० टक्के आणि एकट्यासाठी ७५ टक्के अर्थसाहाय्य धरलेलं आहे. चिंबोऱ्यांत मर मोठी असते, कारण कात टाकलेल्या मऊ चिंबोरीला दुसऱ्या चिंबोऱ्या खातात. गर्दी केली की घाटा ठरलेला. बियाणं कुठून आणि किती मिळणार हे पक्कं झाल्याशिवाय गट काढू नका. जोडधंदा म्हणूनच याकडे बघा, भाताची भरपाई म्हणून नको.

ग्रामसभेत तुम्ही बोलावं असं मला मनापासून वाटतं. गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा शंभर, यांत जे कमी असेल ते. तेवढी माणसं या विषयावर सहज येतील. ठराव 'विरोध' किंवा 'पाठिंबा' असा एका शब्दाचा नको. तीन मागण्या लिहून घ्या: प्रत्येक गटाची आतली सीमा मोजून दाखवावी, जुना बांध नकाशावर यावा आणि आतकाठ्याचा प्रस्ताव खारभूमी विभागानं पाठवावा. चौथी जोडता आली तर उत्तम. २०१७ च्या नियमांत, अधिसूचित पाणथळ जागेत खासगी वहिवाट असेल तर प्रोत्साहनाच्या उपायांतून जागेची प्रकृती राखायची यंत्रणा राज्य पाणथळ प्राधिकरणानं सुचवावी, असं म्हटलं आहे. हे कलम थेट तुमच्या तिवरांना लागत नाही, पण खासगी मालकाला विश्वासात घ्यायचं तत्त्व सरकारनं एका ठिकाणी मान्य केलंय. तेच कांदळवनाच्या खासगी जमिनींना लावा, अशी मागणी ग्रामसभेनं जिल्हाधिकाऱ्यांकडे करावी.

या आठवड्यात दोनच कामं करा: वारस नोंदीचा अर्ज, आणि फलकावरच्या यादीची शिक्क्यासह प्रत. त्यानंतर मोजणीचा अर्ज. भावांना सांगा, विक्रीचं बोलणं 'क' प्रत हातात आल्यावर, तिघांनी समोरासमोर बसून करू.